डावं-उजवं नेमकं कुणाचं?



दुसरीच्या चाचणीत मी चित्रावर एक प्रश्न दिला होता : 'मुलीच्या उजव्या बाजूला काय आहे?' चित्रातली मुलगी आपल्याकडे तोंड करून उभी. माझं उत्तर होतं विहीर. एका मुलाने लिहिलं गाय. मी फुली मारली. पेपर घेऊन तो आला, माझ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि उजवा हात पसरून म्हणाला, "बाई, मी ती मुलगी झालो ना, मग इकडे गायच येते!"

बरोबर होतं त्याचं. चुकला होता माझा प्रश्न.

डावं-उजवं सांगायच्या पद्धती एकाहून जास्त आहेत.

१) बघणाऱ्याच्या बाजूने : झाडाला तोंड नसतं, म्हणून 'झाडाच्या उजवीकडे' म्हणजे माझ्या उजवीकडे.

२) ज्याच्याबद्दल बोलतो त्याच्या बाजूने : डॉक्टर 'डावा गुडघा' म्हणतात तो पेशंटचा डावा. नदीचा डावा-उजवा काठ ठरवताना पाणी वाहतं तिकडे तोंड करायचं. गोदावरी पूर्वेकडे वाहते, म्हणून जायकवाडीचा डावा कालवा नदीच्या उत्तरेला आहे.

३) दिशांनी : ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये गुगु यिमिथिर नावाची भाषा आहे. 'कांगारू' हा शब्द तिथूनच जगभर गेला. ती बोलणारी माणसं पूर्वी जागा सांगताना डावं-उजवं वापरत नसत, 'तुझ्या उत्तरेच्या पायाजवळ मुंगी आहे' अशा तऱ्हेने बोलत. वळलात तरी उत्तर बदलत नाही!

आपल्याला हे अगदीच परकं नाही. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा पूर्वेस, पश्चिमेस अशाच लिहितात, कारण तिथे घोळ परवडत नाही. संस्कृतात तर 'दक्षिण' म्हणजे उजवाही. उगवतीकडे तोंड करा, उजव्या हाताला दक्षिणच येते. प्रदक्षिणा घालताना देव आपल्या उजव्या हाताला असतो, तोही याच शब्दातून.

मुलांना आधी स्वतःचं डावं-उजवं कळतं, समोरच्याचं नंतर. त्यामुळे कवायतीत समोर उभं राहून उजवा हात वर केला की निम्मी मुलं डावा करतात. तेव्हा त्यांच्याकडे पाठ करून दाखवा. प्रश्नात 'तुझ्या उजवीकडे' की 'मुलीच्या उजव्या हाताकडे' ते स्पष्ट लिहा. घरी दोघांना समोरासमोर बसवून मधल्या वाटीच्या उजवीकडे चमचा ठेवायला सांगा. भांडण होईल, होऊ द्या. मग जागा बदलायला लावा.

आणि फुली मारण्याआधी एकदा विचारा, "तू कुठून बघितलंस?" त्या मुलाचा गुण मी त्याच दिवशी वाढवला.