कच्च्या पात्रांचा पक्का लळा

सप्टेंबर १९८८. अमेरिकेतल्या डीसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेने ‘बॅटमॅन’च्या वाचकांना एक विचित्र अधिकार दिला. बॅटमॅनचा पोरसवदा जोडीदार रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, बॉम्बस्फोटात सापडला होता. तो जगावा की मरावा, हे वाचकांनी फोन करून ठरवायचे होते. त्यासाठी दोन क्रमांक दिले होते, मुदत ३६ तासांची होती आणि एका फोनला ५० सेंट पडत. ‘मरावा’ म्हणणारे फोन आले ५,३४३ आणि ‘जगावा’ म्हणणारे ५,२७१. अवघ्या ७२ मतांनी तो मुलगा मेला.

हा जेसन टॉड काही कसदार व्यक्तिरेखा नव्हता. १९८३ मध्ये तो आला तेव्हा त्याची जन्मकथा आधीच्या रॉबिनवरून जवळजवळ उतरवून घेतलेली होती. तेच सर्कशीतले कसरतपटू आईबाप आणि तोच गुन्हेगारांनी केलेला त्यांचा खून. पुढे चारेक वर्षांतच ती कथा पुसून त्याला बॅटमॅनच्या गाडीची चाके चोरणारा रस्त्यावरचा पोरगा करण्यात आले. नाव तेच, वेश तोच, बालपण मात्र दुसरेच. आधीचा गुणी मुलगा आता तापट आणि उद्धट झाला. अनेक वाचकांना तो आवडत नव्हता, म्हणून तर कौल घेण्याची वेळ आली. तरीही दहा हजारांहून अधिक फोन पदरचे पैसे मोडून झाले. इतक्या कच्च्या पात्रासाठी एवढा जीव कशासाठी टाकायचा?

तत्त्वज्ञ कॉलिन रॅडफर्ड यांनी १९७५ मध्ये या प्रश्नाचे मूळ रूप मांडले होते. अ‍ॅना कॅरेनिना अस्तित्वातच नव्हती हे ठाऊक असूनही आपण तिच्यासाठी का हळहळतो? यावर सहज सुचणारे उत्तर असे, की लेखक थोर असेल तर तो आपल्याला पात्राचे खोटेपण विसरायला लावतो. पण हे उत्तर पुरेसे असते, तर भिकार लिहिलेल्या पात्राने कोणाचे डोळेच भरले नसते. प्रत्यक्षात ते भरतात. तेव्हा या भावनेचे कारण केवळ लेखणीत शोधून भागणार नाही; ते पाहणाऱ्याच्या मनातही शोधावे लागेल.

त्या मनाची एक खूण १९४४ च्या एका प्रयोगात सापडते. फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म केली. त्यात दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ एका चौकटीभोवती इकडून तिकडे सरकतात, एवढेच. पाहणाऱ्यांना काय दिसले ते लिहायला सांगितले, तेव्हा ३४ जणांपैकी फक्त एकाने भूमितीच्या भाषेत वर्णन केले. बाकीच्यांना त्यात हालचाल करणारे जिवंत जीव दिसले. मोठा त्रिकोण तर अनेकांना दांडगट वाटला. ज्या मनाला त्रिकोणात गुंड दिसतो, त्याला नाव, चेहरा आणि चार संवाद मिळाले तर ते काय उभे करील! लेखकाने रिकाम्या सोडलेल्या जागा प्रेक्षक आपल्या अनुभवाने भरतो. पात्र जितके ढोबळ, तितक्या त्या जागा मोठ्या.

दुसरे कारण सहवासाचे. डोनल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या माणसांशी प्रेक्षकांचे जडणारे एकतर्फी नाते वर्णिले. आपल्या घरांनी ते २००० मध्ये सुरू झालेल्या ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मध्ये अनुभवले. त्यातला मिहिर म्हणजे गुणी मुलगा आणि प्रेमळ नवरा. याहून फार खोल त्याला कोणी रेखाटले नव्हते. पण कथेत त्याचा मृत्यू दाखवताच असा गहजब झाला, की निर्मात्यांना त्याला परत आणावे लागले. रोज रात्री ठरल्या वेळी जो घरात येतो, तो घरचा होतो. आपण मामेभावावर माया करतो ती त्याचे व्यक्तिचित्रण उत्तम आहे म्हणून थोडीच!

इथे हजार वर्षांपूर्वीच्या काश्मीरकडे वळायला हवे. नाट्यशास्त्रावरच्या ‘अभिनवभारती’ या टीकेत अभिनवगुप्तांनी रसास्वादातली सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले पहिलेच आहे संभावनाविरह. समोर घडते ते घडू शकेल असे वाटलेच नाही, तर प्रेक्षकाचे चित्त तिथे ठरत नाही आणि रसही निर्माण होत नाही. यावर त्यांनी उपायही सांगितला आहे. कृत्ये अलौकिक असतील तर रामासारखी प्रख्यात नावे घ्यावीत, कारण दीर्घ प्रसिद्धीमुळे त्यांच्यावरचा विश्वास लोकांच्या मनात आधीच रुजलेला असतो. जेसन टॉडला नेमका हाच आधार होता. त्याचे लेखन कच्चे असले तरी अंगावरचा वेश १९४० पासूनच्या रॉबिनचा होता. वाचकांची श्रद्धा त्या वेशावर होती आणि जेसन त्या श्रद्धेचा वारसदार होता.

अभिनवगुप्तांच्या मांडणीतून आणखी एक गोष्ट उलगडते. रसानुभवात भाव ‘माझा’ किंवा ‘त्याचा’ राहत नाही, त्याचे साधारणीकरण होते. विघ्न आले की हे साधारणीकरण मोडते आणि भाव पुन्हा खासगी होतो. माझा वेळ, माझे पात्र, माझी फसवणूक! पात्र बिघडले म्हणून चिडलेल्या चाहत्याचा राग हा रौद्र रस नव्हे. तो साधा लौकिक राग असतो आणि त्याला लक्ष्य हवे असते.

धोका इथेच आहे. पटकथाकाराचा चेहरा कोणी पाहिलेला नसतो, नटाचा सर्वांना माहीत असतो. १९९९ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातल्या जार जार बिंक्स या पात्रावर जगभरातून तुटून पडले गेले. ते साकारणाऱ्या अहमद बेस्ट यांनी २०१८ मध्ये सांगितले, की त्या काळात जीवन संपवण्याचा विचार त्यांच्या मनात आला होता. त्याच चित्रमालिकेतल्या २०१७ च्या चित्रपटात रोझ टिको झालेल्या केली मेरी ट्रॅन यांच्यावर वंश आणि स्त्रीत्वावरून इतकी गरळ ओकली गेली, की पुढच्या वर्षी त्यांनी इन्स्टाग्रामवरचे आपले सगळे लिखाण काढून टाकले. ही पात्रे कागदावर या दोघांनी रचली नव्हती.

आपल्याकडे निळू फुल्यांना बायका शिव्या देत आणि ती अभिनयाची पावती मानली जाई. तिथे राग उत्तम वठलेल्या खलनायकावर होता. इथे तो फसलेल्या लेखनावरचा असतो. पण दोन्हीकडे तो झेलतो नटच, आणि आज तर तो थेट त्याच्या हातातल्या फोनवर येऊन आदळतो.

म्हणून सुमार मालिका पाहून रडणाऱ्या मावशीला हसू नये. तिने पात्रात स्वतःचे काही घातले आहे आणि ते खरे आहे. फक्त पात्र मोडले की त्याची तक्रार कोणाच्या दारात न्यायची, याचे भान हवे.

जेसन टॉड २००५ मध्ये ‘रेड हूड’ या रूपात परतला. ज्याला कोणी वाचवले नाही असा संतापलेला तरुण म्हणून तो या वेळी मन लावून लिहिला गेला आणि लोकप्रियही झाला. त्या ५,२७१ फोनमागच्या वाचकांना त्यातले काहीतरी आधीच दिसले असावे. लेखकांना ते दिसायला १७ वर्षे लागली.