जुन्या मालट्रकमधील पॉवर स्टिअरिंगची तेलगळती

पॉवर स्टिअरिंगची तेलगळती म्हणजे वाहनाच्या सुकाणू यंत्रणेतील दाबाखालचे तेल सील, नळ्या अथवा सांधे यांतून बाहेर पडणे होय. अनेक वर्षे वापरलेल्या मालट्रकमध्ये हा दोष नेहमी आढळतो. दुरुस्तीपेक्षा त्याचे निदान अधिक कठीण असते. कारण तेल जेथून ठिबकते तेथूनच ते गळत असते असे नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील धामणगाव बढे (तालुका मोताळा) आणि परिसरातील गावांचा शेतमाल मलकापूर, खामगाव यांसारख्या बाजारपेठांकडे जातो, तर मोताळ्याहून बुलढाण्यास जाणाऱ्या वाहनांना राजूर घाट चढावा लागतो. अशा वळणावळणाच्या रस्त्यावर, ट्रक भरलेला असताना स्टिअरिंगचे तेल संपले, तर चाक एकाएकी जड होते. चाके व स्टिअरिंग यांमधील यांत्रिक जोडणी कायम असल्याने ट्रक वळतो, पण त्यासाठी लागणारा जोर कित्येक पटींनी वाढतो. चालकाला याची कल्पना नसेल, तर वळण हातचे जाऊ शकते.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या मालट्रक विभागात काम केलेले अभियंते फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ मध्ये पॉवर स्टिअरिंग बसवलेली मोटार चालवून दाखवली. बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटारीत ही सोय प्रथम १९५१ मध्ये क्रायस्लर कंपनीने दिली. भारतात टाटांनी डाइमलर-बेंझच्या सहकार्याने १९५४ पासून जमशेदपूर येथे ट्रक बनवले. तथापि पुढे बराच काळ भारतीय चालक केवळ मनगटाच्या बळावर ट्रक वळवत असत. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील वढू बुद्रुक येथे झेडएफ स्टिअरिंग गिअर (इंडिया) ही कंपनी अशी यंत्रणा तयार करते. तिची स्थापना १९८१ ची आहे.

रचना

यंत्रणेचे मुख्य भाग चार : तेलाची टाकी, इंजिनावर चालणारा पंप, नळ्या आणि स्टिअरिंग बॉक्स. टाकीतील तेल पंप ओढून घेतो व जाड दाबनळीतून बॉक्सकडे ढकलतो. चालक चाक फिरवतो त्या दिशेला बॉक्समधील झडप तेल वळवते, दट्ट्या सरकतो आणि खालच्या आडव्या दांड्याला जोडलेला ड्रॉप आर्म हलतो. काम झालेले तेल परतीच्या नळीने टाकीत येते. चाक पूर्ण वळवून धरले असता दाब शंभर बारच्या वर जाऊ शकतो. म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या शंभर पटींहून अधिक. एरवी कोरडा दिसणारा सांधा नेमका त्या क्षणी पाझरतो.

निदान

प्रथम तेल कोणते ते पाहावे. या यंत्रणेत बहुधा लालसर रंगाचे ट्रान्समिशन तेल असते, तर इंजिनाचे तेल काळपट असते. जुने झालेले स्टिअरिंग तेलही तपकिरी पडते, त्यामुळे केवळ रंगावर विसंबू नये. टाकीतील पातळी खरोखर उतरते आहे का हे तपासणे अधिक खात्रीचे.

त्यानंतर टाकीपासून ड्रॉप आर्मपर्यंतचा सगळा भाग धुऊन पुसून कोरडा करावा. हीच पायरी घाईत वगळली जाते आणि पुढचा सारा खर्च वाया जातो. काळ्या मातीची धूळ व तेल यांचा थर वर्षानुवर्षे साचलेला असतो. त्यात ताजी ओल ओळखू येत नाही. शिवाय चालत्या ट्रकमध्ये तेल वाऱ्याने मागे व वजनाने खाली जाते. ड्रॉप आर्मवरून थेंब पडत असला, तरी मूळ दोष वरच्या दाबनळीच्या सांध्यात असू शकतो. म्हणून सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला बिंदू शोधावा. कोरड्या भागावर खडूची भुकटी लावल्यास पहिली ओल स्पष्ट उमटते.

हँडब्रेक ओढून व चाकांना अडण लावून इंजिन मंद गतीवर ठेवावे. एकाने स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे, दुसऱ्याने पाहावे. टोकाला चाक पाच सेकंदांहून अधिक दाबून धरू नये, पंप तापतो. संशयित नळीवरून उघडा हात कधीही फिरवू नये : बारीक छिद्रातून निघणारी तेलाची चिळकांडी कातडी भेदून आत शिरते आणि अशी जखम वरून किरकोळ दिसली, तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. तपासणीसाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा.

बाहेर कोठेही ओल नाही आणि टाकी मात्र रिकामी होते, हा प्रकार सर्वांत फसवा. अनेक डिझेल ट्रकमध्ये पंप पट्ट्याऐवजी इंजिनाच्या गिअरवर चालतो. त्याच्या दांड्याचे सील गेले, तर तेल बाहेर न पडता थेट इंजिनात उतरते. तेव्हा इंजिनाच्या तेलाची पातळी आपोआप वाढलेली आढळते. ज्या ट्रकचे इंजिन तेल ‘कमी होतच नाही’ म्हणून कौतुक होते, त्याचा हा पंप एकदा पाहून घ्यावा.

याउलट पंपाकडे जाणाऱ्या नळीची क्लिप सैल असेल, तर तेथून तेल गळण्याऐवजी हवा आत ओढली जाते. टाकीत फेस येतो, पंप कण्हल्यासारखा आवाज करतो आणि तेल झाकणातून उतू जाते. झाकण मात्र निर्दोष असते.

दुरुस्ती

सांध्यातील तांब्याचे वॉशर एकदा दाबले गेले की पुन्हा नीट बसत नाहीत, म्हणून ते नवेच घालावेत. दाबनळी फुगली किंवा तडकली असल्यास तिच्यावर रबर गुंडाळून वा क्लिपा आवळून उपयोग होत नाही. त्याच दाबक्षमतेची नवी नळी लागते.

ड्रॉप आर्ममागील सील बदलण्यापूर्वी आर्म व दांडा यांवर खूण करावी, नाहीतर जोडताना स्टिअरिंगचा मध्य चुकतो. आर्म पुलरने काढावा. दांड्यावर हातोडा मारल्यास बॉक्सच्या आतील भागांना इजा पोहोचते. सीलची कड जेथे घासते तेथे दांड्याला खाच पडली असेल किंवा बुश झिजून दांडा हलत असेल, तर नवे सीलही थोड्याच दिवसांत गळते. सील पुन्हा पुन्हा जाते याचे कारण बहुतेक वेळा सीलमध्ये नसते. बॉक्सवरचा समायोजन स्क्रू आवळून गळती थांबत नाही, स्टिअरिंग मात्र अडकू लागते.

रस्त्यात तेल कमी पडले म्हणून ब्रेक ऑइल ओतणे ही जुनी चूक आहे. त्याने या यंत्रणेतील रबरी सील फुगून मऊ पडतात आणि एका गळतीच्या चार होतात. तसे घडले असल्यास सर्व तेल काढून यंत्रणा धुवावी आणि बाधित सील बदलावीत.

शेवटी निर्मात्याने सांगितलेले तेल भरून, पुढचा आस जॅकवर उचलून व खाली भक्कम आधार देऊन, मंद गतीवर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना सावकाश फिरवतात. फेस नाहीसा होईपर्यंत हे करत राहून टाकीतील पातळी राखावी लागते. रात्री ट्रकखाली स्वच्छ पुठ्ठा अंथरून सकाळी तो पाहतात आणि भाराच्या पहिल्या फेरीनंतर सांधे पुन्हा एकदा तपासतात.