घटस्थापनेची डेडलाइन

३ सप्टेंबर २०२५ च्या रात्री जीएसटी परिषदेने १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ मोडीत काढले, तेव्हा आमची निम्मी टीम गणपतीसाठी गावी होती. नवे दर २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेला. दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करणाऱ्या पुण्यातल्या आमच्या छोट्या कंपनीत मग बाकीच्या प्रायॉरिटीला कोण विचारतो? तीन महिने मानगुटीवर बसलेलं मोबाइल ॲप दुसऱ्या दिवशी सकाळच्या कॉलवर दोन वाक्यांत बाजूला पडलं.

दर बदलायचा म्हणजे एक आकडा बदलायचा, असं बाहेरून वाटतं. टूथपेस्ट १८ वरून ५, सिमेंट २८ वरून १८, झालं! पण २० तारखेला विकलेलं तूप २५ ला परत आलं, तर क्रेडिट नोट जुन्या १२ टक्क्यांनीच निघायला हवी. कपड्यांचा घोळ निराळा. नगामागे २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८. कर सोडून २६०० चा शर्ट दहा टक्के सूट देऊन २३४० ला गेला की दरच बदलतो. पूर्वी ही हद्द १००० ची होती, आणि कोडमध्ये ती कुणीकुणी जागोजागी थेट लिहून ठेवलेली. टेस्टिंगवाली मुलगी एकेक बिल काढून बघायची. "बिलात बरोबर येतंय रे, पण रिटर्नमध्ये अजून हजारच धरतंय," असं ती म्हणाली, की समोरचा निमूटपणे खुर्ची ओढायचा.

सरकारी तारखेचं एक बरं असतं. ती कुणी पुढे ढकलून देत नाही, त्यामुळे काम छाटावंच लागतं. एरवी ज्याला नाही म्हणायला महिना गेला असता, ते बिलाचं नवं डिझाइन पाच मिनिटांत रद्द झालं.

अवघड गेलं ते नंतर. दसऱ्यानंतर ॲप पुन्हा हातात घेतलं, तर त्याच्या खालचा कोड बदललेला. ते अर्धवट सोडावं लागलेली दोन पोरं आधीच खट्टू होती, त्यात जुनं काम नव्याशी जुळवण्यात त्यांचा आठवडा गेला. साहेबांच्या एक्सेलमध्ये मात्र ॲपची जुनीच तारीख! ती बदलून घेतली, आणि शेजारी एक रकाना वाढवला: काम कुणी थांबवायला सांगितलं. सेल्सची मंडळी त्या रकान्यावर अजून नाराज आहेत.