स्पेनमधली तीन राजांची रात्र 👑👑👑

सांताक्लॉज तर सगळ्यांना माहीत आहे. पण स्पेनमधली मुलं ज्यांची खरी वाट पाहतात, ते तिघं येतात ५ जानेवारीच्या रात्री!

बायबलमधल्या कथेनुसार पूर्वेकडचे ज्ञानी लोक ताऱ्याचा माग काढत बेथलेहेमला आले आणि त्यांनी बाळ येशूला सोनं, ऊद आणि गंधरस अर्पण केला. पुढे परंपरेने त्यांना तीन राजे मानलं. मेल्चोर, गास्पार आणि बाल्तासार ही त्यांची नावं.

✉️ मुलं आधी राजांना पत्र लिहून हव्या त्या वस्तू मागतात.

🐪 ५ तारखेला संध्याकाळी गावोगावी राजांची मिरवणूक निघते आणि गोळ्या-चॉकलेटं उधळली जातात. आल्कोय शहरातली मिरवणूक एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे.

👞 रात्री बूट घासूनपुसून मांडायचे, उंटांसाठी पाणी ठेवायचं आणि लवकर झोपायचं. जागं राहिलं तर राजे येत नाहीत! खोडकर मुलांना मिळतो कोळसा, पण साखरेचा.

🍩 ६ तारखेला 'रोस्कोन' हा गोल गोड पाव कापतात. आत लपवलेली छोटी मूर्ती ज्याला मिळेल तो राजा. वाल मिळाला तर रोस्कोनचे पैसे त्याने द्यायचे!

हा सण आपल्या शेजारीही आहे. गोव्यात मांडवीकाठचं रेइश मागूश हे गाव याच राजांच्या नावाचं. ६ जानेवारीला तिथे राजांच्या वेशातली तीन मुलं मिरवणुकीने चर्चला येतात. जानेवारीत गोव्याला जाणार असाल, तर ही तारीख नक्की साधा!