गच्ची सावलीत नसते

‘बाहेर ४० अंश, आत एसीचे २६. फरक १४. त्याला स्लॅबच्या यू-व्हॅल्यूने, म्हणजे एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमधून जाणाऱ्या उष्णतेने, गुणायचं की एकूण उष्णता मिळाली. इमारतीतल्या उष्णतेचा हिशेब करणारं तुमचं सॉफ्टवेअर यापेक्षा वेगळं काय करतं?’ हे आर्किटेक्ट विचारतात, बिल्डर विचारतात, आणि हीट ट्रान्सफरचा पेपर नुकताच देऊन आलेली मुलंही विचारतात. गुणाकाराबद्दल तक्रार नाही. गुणायला घेतलेला १४ हा आकडाच चुकीचा आहे.

४० अंश हे सावलीतल्या हवेचं तापमान. हवामान खातं ते झडपांच्या पांढऱ्या पेटीत, ऊन लागू न देता मोजतं. गच्ची मात्र दिवसभर उन्हात. मे महिन्यातल्या निरभ्र दुपारी तिच्या दर चौरस मीटरवर साधारण ९०० वॅट ऊन पडतं आणि जुनं, काळवंडलेलं काँक्रीट त्यातलं ७० टक्के, म्हणजे ६३० वॅट, शोषून घेतं. पृष्ठभागावरून हवेत जाणाऱ्या उष्णतेचा गुणांक २० धरला आणि आकाशाकडे होणाऱ्या उत्सर्जनाचे चार अंश वजा केले, तर स्लॅबपुरतं बाहेरचं तापमान ६७ अंशांच्या घरात जातं. याला सोल-एअर तापमान म्हणतात. १५० मिलिमीटरच्या उघड्या आरसीसी स्लॅबची यू-व्हॅल्यू सुमारे ३.३. आता गुणा. १४ अंशांनी चौरस मीटरला ४६ वॅट येतात, ४१ अंशांनी (६७ वजा २६) १३५. जवळजवळ तिप्पट! मग वरच्या मजल्यावर एसी पुरत नाही म्हणून कंपनीला शिव्या. स्लॅबला पांढरा रंग देऊन शोषण ३० टक्क्यांवर आणलं, तर हेच उत्तर ७८ वॅटच्या आसपास येतं. यू-व्हॅल्यू होती तिथेच आहे.

हे १३५ वॅटही स्थिर अवस्थेतले, म्हणजे ऊन आणि तापमान तासन्‌तास तसंच राहिलं तरचे. प्रत्यक्षात स्लॅब तापायला वेळ घेतो आणि निवायलाही. दुपारी एकचं ऊन खालच्या बाजूला चार-पाच तासांनी पोचतं. संध्याकाळी बाहेर वारा सुटलेला असतो आणि पंख्याखाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर स्लॅब तापलेलाच असतो.

सॉफ्टवेअर हा हिशेब कसा करतं? अमेरिकी ऊर्जा विभागाचं एनर्जीप्लस घ्या; २००१ पासून उपलब्ध आहे, फुकट मिळतं. स्लॅबची यू-व्हॅल्यू त्यात भरायचीच नसते. प्रत्येक थराची जाडी, उष्णतावाहकता, घनता आणि विशिष्ट उष्मा द्यायचा. यू-व्हॅल्यू नंतर अहवालात दिसते. बाहेरच्या पृष्ठभागावर शोषलेलं ऊन, आकाश-जमिनीशी होणारी किरणांची देवघेव, वाऱ्याने नेलेली उष्णता आणि आत शिरणारी उष्णता यांचा जमाखर्च दर काही मिनिटांनी जुळवला जातो. आतल्या पृष्ठभागावरही तसाच. मधल्या थरांतल्या प्रवासासाठी मागच्या तासांची तापमानंही हिशेबात धरली जातात. या पद्धतीचा पाया कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये स्टीफन्सन आणि मिटालास यांनी १९६७ ते १९७१ दरम्यान घातला. म्हणजे ही नवी फॅशनही नाही.

तरीही शंका असेल त्याने एक प्रयोग करावा. फोमचा थर एकदा स्लॅबच्या वर ठेवावा, एकदा खाली. दोन्ही वेळा यू-व्हॅल्यू तीच. तासागणिक आलेख मात्र वेगळे येतात, कारण पहिल्यात स्लॅब उन्हापासून झाकला जातो, दुसऱ्यात तो उन्हात तापत राहतो. घाई झालेले लोक सगळा स्लॅब ‘नो मास’ प्रकारात, फक्त रोधाचा आकडा देऊन भरतात. त्यात घनता नाही, विशिष्ट उष्मा नाही, म्हणून साठवणही नाही. मग ‘सॉफ्टवेअरनेही तेच उत्तर दिलं’ म्हणून मलाच ऐकवतात. देणारच!

‘मग सरकार यू-व्हॅल्यू का मागतं?’ इको निवास संहिता २०१८ छताची यू-व्हॅल्यू १.२ च्या आत मागते, हे खरं. नियमाला तपासता येईल असा आकडा लागतो. रोध किती, हे तो सांगतो. दुपारी चारला किती उष्णता आत येईल, हे सांगायचं काम त्याला कोणी दिलेलंच नाही.

बाकीचे गैरसमज किरकोळ. पत्रा रात्री फार तर हवेइतका गार होतो म्हणतात. निरभ्र रात्री तो आकाशाकडे उष्णता टाकून हवेच्याही खाली जातो, म्हणून तर थंडीत त्यावर दव धरतं. पांढरा रंग पांढराच राहतो, हेही खोटं. अमेरिकेतली कूल रूफ रेटिंग कौन्सिल तीन वर्षं उन्हापावसात ठेवलेल्या नमुन्याचे आकडे वेगळे देते, ते वापरा. भिंतीतले बीम-कॉलम सॉफ्टवेअर आपोआप धरत नाही. त्याचं गणित जाडीच्या दिशेने, एकाच मितीत चालतं. दोन दशांशांपर्यंतचं उत्तर म्हणजे यंदाचं वीजबिल नव्हे. सॉफ्टवेअरला दिलेली हवामानाची फाइल बहुधा नमुनेदार वर्षाची असते. आणि जमिनीचं तापमान भरलं नाही तर एनर्जीप्लस ते १८ अंश धरतं. तळमजला कागदावर फुकटात गार दिसला, तर आधी तो रकाना उघडून पाहा.