दोर दिसला का? : नाट्यशिक्षणातील खेळांविषयी

आपल्याकडच्या अनेक नाट्यशिबिरांत पहिले दोन दिवस ‘थिएटर गेम्स’ होतात. मग ‘खेळ पुरे, आता नाटकाला लागू या’ असे म्हणून संहिता वाटली जाते. खेळ म्हणजे अंग आणि भीड मोकळी करण्याची सोय, एवढाच अर्थ उरतो. ज्यांनी हे खेळ नाट्यशिक्षणात रुजवले, त्या अमेरिकन नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन (१९०६–१९९४) यांच्या लेखी मात्र खेळ हीच नाटकाची शिकवणी होती.

शिकागोच्या ‘हल हाउस’ या सेवाकेंद्रात स्थलांतरित कष्टकऱ्यांची वस्ती सांभाळली जाई. तेथे नीव्हा बॉइड या समाजकार्यकर्त्या खेळांतून मुलांना समूहात वागायला शिकवत. १९२० च्या दशकात स्पोलिन त्यांच्या हाताखाली शिकल्या. पुढे महामंदीच्या काळातील सरकारी रोजगार योजनेत त्या नाट्यविभाग पाहू लागल्या, तेव्हा समोर नाना भाषांची, नाटकाचा गंध नसलेली मुले व मोठी माणसे होती. व्याख्यान देऊन अभिनय शिकवणे तेथे अशक्य होते. या अडचणीतून त्यांचे खेळ घडले आणि १९६३ साली ‘इम्प्रोव्हायझेशन फॉर द थिएटर’ या पुस्तकात दोनशेहून अधिक खेळ एकत्र आले.

त्यांतला एक साधा खेळ पाहू. दोन मुले नसलेल्या दोराने रस्सीखेच खेळतात. काम एकच : दोर दोघांच्या मध्ये खरा राहिला पाहिजे. एकाने ओढले आणि दुसरा जागचा हलला नाही, तर दोर रबरासारखा ताणला जातो, म्हणजे नाहीसाच होतो. त्यामुळे भिडूकडे पाहण्यावाचून गत्यंतर नसते. ‘मी कसा दिसतोय’ याचा विचार करायला मुलाला फुरसत मिळत नाही. पाय रोवले जातात, पाठ वाकते, श्वास बदलतो. ‘जोर लावल्याचा अभिनय कर’ असे सांगितले असते, तर त्याने दातओठ खाऊन दाखवले असते.

या पद्धतीचे तीन टेकू आहेत. पहिला, लक्ष ठेवण्याची एकच नेमकी गोष्ट. येथे ती दोर. दुसरा, खेळ न थांबवता शिक्षकाने बाजूने दिलेली हाक : ‘दोराची जाडी जाणवू दे!’ मुलाने शिक्षकाकडे न पाहता ती ऐकायची. तिसरा, खेळानंतरची चर्चा. बघणाऱ्या मुलांना ‘कोण छान खेळले?’ असे विचारायचे नाही. ‘दोर दिसला का? कुठे तुटला?’ असे विचारायचे.

शिक्षकाला हा तिसरा टेकू सर्वांत जड जातो. शाबासकी आणि नापसंती ही दोन्ही मुलाला शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहायला लावतात, असे स्पोलिन यांचे निदान होते. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलगा बाईंनी करून दाखवलेला हातवारा हुबेहूब करतो आणि वाक्य संपताच विंगेकडे पाहतो, त्याचे कारण हेच. ‘दोर दिसला का?’ या प्रश्नाने न्यायनिवाड्याचा अधिकार शिक्षकाकडून वर्गाकडे जातो.

स्पोलिन यांचे पुत्र पॉल सिल्स यांनी हे खेळ व्यावसायिक नटांकडे नेले. १९५९ साली ते ‘सेकंड सिटी’ या नाट्यसंस्थेच्या संस्थापकांत होते. तिच्या विनोदी प्रयोगांच्या लोकप्रियतेमुळे उत्स्फूर्त नाट्य म्हणजे हजरजबाबीपणा, असे समीकरण रूढ झाले.

आयत्या वेळचे संवाद आपल्याला नवे नाहीत. कोकणातल्या दशावतारात लिखित संहितेवाचून आख्यान उभे राहते. पण तो नट पुराणकथा मुरवत, जुन्या नटांसमोर रात्रीमागून रात्री उभा राहून घडतो. शिबिराला आलेल्या मुलाला तेवढा सहवास लाभत नाही. स्पोलिन यांच्या खेळांत त्या सहवासातली एकेक सवय – समोरच्याचे ऐकणे, स्थळ धरून ठेवणे, वस्तूचे वजन न विसरणे – वेगळी काढून एका तासात हाताळता येते.

म्हणून संहिता हाती आल्यावरही खेळ थांबवू नयेत. आपले वाक्य कधी येते याची वाट पाहत दोन मुले ठोकळ्यासारखी उभी असतील, तर ‘नीट ऐका रे’ असे ओरडण्याऐवजी तोच प्रवेश त्यांना दोर ओढत म्हणायला लावावा. वाक्यागणिक कोण ओढतो आणि कोण ओढला जातो, हे त्यांचे त्यांनाच कळेल.