दुधाचं लोशन आणि राहून गेलेला कंट्रोल

मागच्या थंडीत आईने सांगितलेलं लोशन करून पाहिलं: कच्चं दूध, ग्लिसरीन, गुलाबपाणी आणि लिंबाचे चार थेंब. हात मस्त मऊ झाले. पण वाशीच्या दमट हवेत रात्रभर बाहेर राहिलेली बाटली सकाळी उघडली, तर आंबूस वास आणि तळाशी गाठी!

गाठींचं उत्तर सोपं आहे. दूध म्हणजे सुमारे ८७ टक्के पाणी आणि त्यात विखुरलेले स्निग्धांशाचे बारीक थेंब, म्हणजेच इमल्शन. त्याचा पीएच साधारण ६.७. लिंबाने तो खाली आणला. जिवाणूंनी लॅक्टोजपासून लॅक्टिक आम्ल बनवून आणखी उतरवला. पीएच ४.६ च्या आसपास आला की केसीन गोळा होतं, दूध फाटतं.

पण हात मऊ कशाने झाले? "दुधाने," असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. खरं तर ग्लिसरीन एकटंही त्वचेत ओलावा धरून ठेवतं. मग श्रेय कुणाचं?

त्यासाठी एका हाताला पूर्ण मिश्रण लावा, दुसऱ्याला दुधाऐवजी तेवढंच पाणी घातलेलं. बाकी सगळं तेच. कुठल्या हाताला काय लावलंय हे माहीत नसलेल्या मित्राला मऊ हात ओळखायला सांगा. पहिला झाला कंट्रोल, दुसरं ब्लाइंडिंग.

मिश्रण उकळून गार केलेल्या दुधाचं, लागेल तेवढंच करा आणि उरलेलं टाकून द्या. जखम किंवा दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर नकोच.

प्रपोजल लिहितानाही स्वतःला विचारा: ज्याला कारण म्हणतोय, ते काढून पाहिलंय का?